शेजारच्या भाषेचा सन्मान



20 मे 2025 रोजी लंडनमधील टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक जाहीर झाले आणि ते हासनच्या श्रीमती बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ या कथासंग्रहास मिळाले. कन्नड भाषेतून इंग्रजीत गेलेल्या पुस्तकाला हा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ. कथासंग्रहाला तो मिळण्याचीही पहिलीच. त्यापूर्वी 2022 साली श्रीमती गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’ या हिंदी कादंबरीला हे पारितोषिक मिळाले होते आणि भारतीय भाषांना या दरबारात प्रथमच आसन मिळाले होते. तीन वर्षांच्या आत दुसरे आसन आपल्या कर्नाटकाच्या वाट्यास आले.

‘आपल्या’ हा शब्द मी वापरला खरा, पण तो आमच्या भागात सहज तोंडी येत नाही. मी काकतीची. बेळगावाहून पुण्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर हे गाव आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून आमच्याकडे भाषा ही दुकानाच्या पाटीवर, शाळेच्या दाखल्यावर आणि न्यायालयाच्या कागदावर भांडणारी वस्तू झाली आहे. त्या वादात मी आज शिरत नाही. परंतु पारितोषिकाची बातमी आली त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत एका मराठी सहकाऱ्याने विचारले, “सन्मान कन्नडचा झाला, आपण त्यात काय म्हणून पेढे वाटायचे?” प्रश्न आडमुठेपणाचा नव्हता. त्याच्या पोटात दुसरा, अधिक बोचरा प्रश्न होता. हिंदीला मिळाले, कन्नडला मिळाले, मग आमच्या मराठीला का नाही? आजच्या भाषणात या दोन्ही प्रश्नांचा थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम या पारितोषिकाची घडण पाहू. ते 2005 साली सुरू झाले तेव्हा दर दोन वर्षांनी एका लेखकाच्या समग्र कार्याचा गौरव त्यातून होत असे. आल्बेनियाचे इस्माइल कादारे हे पहिले मानकरी. 2013 साली अंतिम दहा लेखकांच्या यादीत आपले यू. आर. अनंतमूर्ती होते. तो मान अमेरिकेच्या लिडिया डेव्हिस यांना मिळाला. 2016 पासून नियम बदलले. आता हे पारितोषिक दरवर्षी एका पुस्तकाला देतात. ते पुस्तक अन्य भाषेतून इंग्रजीत अनुवादित झालेले आणि ब्रिटनमध्ये वा आयर्लंडमध्ये प्रसिद्ध झालेले असावे लागते. पन्नास हजार पौंडांची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात सारखी वाटली जाते. अनुवादकाला बक्षिसी म्हणून काही टाकलेले नाही. पंचवीस हजार एकाचे, पंचवीस हजार दुसऱ्याचे. आपल्याकडे अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर घालावे की नाही यावरही प्रकाशक अजून विचार करीत असतात, तेथे ही वाटणी डोळ्यांत भरावी अशीच आहे.

म्हणजे 2025 चे पारितोषिक दोघींचे आहे. दुसऱ्या मानकरी कोडगूमधील मडिकेरीच्या श्रीमती दीपा भास्ती. भारतीय अनुवादकाला हा मान मिळण्याचीही ही पहिलीच वेळ. गीतांजली श्री यांच्या अनुवादक डेझी रॉकवेल या अमेरिकेच्या. यावेळी मात्र लेखिका हासनची आणि अनुवादक शेजारच्याच जिल्ह्यातील.

बानू मुश्ताक यांच्या चरित्रातील एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून फार मोलाची वाटते. त्यांचा जन्म 1948 सालचा. घरची बोली दखनी उर्दू. आठ वर्षांच्या असताना त्यांना शिवमोग्याच्या मिशनरी शाळेत कन्नड माध्यमात घातले. शाळेने अट घातली की सहा महिन्यांत मुलीला कन्नड लिहिता-वाचता आले पाहिजे. सहा महिने लागलेच नाहीत. काही दिवसांतच ती मुलगी कन्नड लिहू लागली. पुढे ती पत्रकार झाली, वकील झाली, बंडाय साहित्याच्या चळवळीत वाढली आणि ज्या भाषेसाठी शाळेने अट घातली होती त्याच भाषेत तिने सहा कथासंग्रह लिहिले. कन्नडला हा जागतिक मान मिळवून देणाऱ्या लेखिकेची घरची भाषा कन्नड नव्हती, ही गोष्ट सीमाभागातील प्रत्येक शिक्षकाने टिपून ठेवण्याजोगी आहे. आमच्या वर्गांत घरी एक, अंगणात दुसरी आणि पुस्तकात तिसरी भाषा असणारी मुले बाकाबाकावर बसलेली असतात. त्यांच्याकडे आपण कच्ची मुले म्हणून पाहतो.

असेच दुसरे उदाहरण धारवाडचे. द. रा. बेंद्रे यांच्या घरात मराठी बोलली जाई. तरी ते कन्नडचे ‘वरकवी’ ठरले आणि ‘नाकु तंती’ या संग्रहासाठी 1973 सालचे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. त्यांनी मराठीतही लेखन केले. बेंद्रे कोणाचे, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी आधी त्यांची एकतरी कविता वाचावी, असे मला नेहमी वाटते.

आता पुस्तकाविषयी. ‘हार्ट लॅम्प’मध्ये बारा कथा आहेत. त्या 1990 ते 2023 या काळात लिहिलेल्या असून लेखिकेच्या सहा संग्रहांतून दीपा भास्ती यांनी निवडल्या आहेत. दक्षिणेकडील मुस्लिम घरांतील स्त्रिया, त्यांची बाळंतपणे, सवती, मुले, मशिदीचे मुतवल्ली, नातेवाइकांचे सल्ले, असे हे जग आहे. यातील विनोद धारदार आहे आणि राग त्याहून धारदार. शीर्षककथेतील मेहरुन ही नवऱ्याने दुसऱ्या स्त्रीचा नाद धरला म्हणून तान्हे मूल घेऊन माहेरी येते. भाऊ तिला ठेवून घेत नाहीत, अब्रूचा दाखला देऊन परत पोचवून येतात. रात्री ती अंगावर रॉकेल ओतून घेते. आईला त्या क्षणी अडविते ती तिची थोरली मुलगी, सलमा. एवढेच कथानक. अशी मेहरुन कोणत्या जातीधर्माच्या वस्तीत नसते, हे श्रोत्यांनीच सांगावे. आमच्याही लोकांत मी ती पाहिली आहे.

मूळ कन्नड कथेचे नाव ‘एदेय हणते’. एदे म्हणजे छाती, हृदय. आणि हणते म्हणजे दुसरे काही नसून आपली पणतीच! जुन्या कन्नडातील शब्दारंभीच्या ‘प’चा पुढे ‘ह’ झाला. पाल म्हणजे दूध, त्याचे हालु झाले. पळ्ळी म्हणजे गाव, तिची हळ्ळी झाली. तशीच पणतीची हणते. इंग्रजीत जाताना तिचा दिवा झाला. मराठीत आली तर ती पणतीची पणतीच राहील. लंडनच्या मार्गाने आलेल्या या पुस्तकाचे नाव आमच्या उंबरठ्यावर दिवाळीला लावलेले असते, हे मला ध्यानात आले तेव्हा शिक्षकांच्या खोलीतील पेढ्यांचा प्रश्न माझ्यापुरता निकालात निघाला.

त्यानंतर आमच्या कन्नड विषयाच्या बाईंना मी विनंती केली की मूळ कथा मला वाचून दाखवा. मला कन्नड बोलता येते, बाजारापुरते आणि बसपुरते. वाचनाचा वेग नाही. मधल्या सुटीत दोन दिवस त्यांनी वाचली आणि मी ऐकली. तीन वाक्यांतील दोन मला थेट कळत होती. तिसऱ्या वाक्याला त्या थांबत आणि अर्थ सांगत. शेवटी म्हणाल्या, “बाई, आमचं कन्नड कळतंय की हो तुम्हाला! मग इतकी वर्षं इंग्रजीत कशाला बोलत होता आमच्याशी?” यावर मी हसले. उत्तर देण्यासारखे काही नव्हते.

ही वाचून दाखविण्याची युक्ती माझी नव्हे. बेळगावात जन्मलेल्या उमाताई कुलकर्णी यांनी एस. एल. भैरप्पांचे ‘वंशवृक्ष’ आणि ‘पर्व’ मराठीत आणले. पती विरुपाक्ष यांनी कन्नड वाचावे आणि उमाताईंनी ऐकून ते मराठीत उतरावे, अशी त्यांच्या घरची रीत. विरुपाक्षांनी उलट दिशेने मराठी पुस्तके कन्नडात नेली. एका घरात दोन्ही वाटा चालू! ‘वंशवृक्ष’च्या अनुवादासाठी उमाताईंना 1989 सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. आज महाराष्ट्रातील वाचक भैरप्पांना जवळजवळ मराठी लेखक समजतो, याचे श्रेय त्या घराकडे जाते. रंगभूमीवरही तेच झाले. गिरीश कार्नाडांचे ‘तुघलक’ विजय तेंडुलकरांनी आणि ‘हयवदन’ चिं. त्र्यं. खानोलकरांनी मराठीत आणले. तेंडुलकर-खानोलकरांसारख्यांनाही शेजारच्या भाषेतील नाटक मराठीत उतरविण्यात कमीपणा वाटला नाही.

आता तो बोचरा प्रश्न. मराठीला का नाही?

आपण म्हणतो की आमच्या साहित्याचा दर्जा जगाला कळत नाही. मी म्हणते, तो कळविण्याचे काम कोणी करावयाचे होते? याच भागातील जी. ए. कुलकर्णी यांचे पाहा. बेळगावात शिक्षण, धारवाडला इंग्रजीचे अध्यापन आणि ‘निळासावळा’पासून ‘पिंगळावेळ’पर्यंत अशा कथा की ज्यांच्या बरोबरीने ठेवाव्या अशा कथा कोणत्याही भाषेत थोड्याच निघतील. हेच जी. ए. स्वतः अनुवादक होते. अमेरिकन कादंबरीकार कॉनरॅड रिक्टर यांची ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ ही कादंबरीत्रयी त्यांनी मराठीत आणली. यांपैकी ‘गाव’च्या मूळ कादंबरीला 1951 सालचे पुलित्झर पारितोषिक मिळालेले आहे. ओहायोच्या रानातील कुटुंब असे धारवाडमार्गे मराठी घरांत पोहोचले. धारवाडचे जी. ए. मात्र ओहायोला पोहोचले नाहीत. त्यांच्या काही कथा इंग्रजीत झाल्या, पण त्या हातोहात पसरल्या असे घडले नाही. 1987 साली जी. ए. गेले. हयात लेखकाला मिळणारे सन्मान आता त्यांच्या वाटेस येणे नाही.

दुसरे नाव इंदिरा संत यांचे. आयुष्याची कितीतरी वर्षे त्यांनी बेळगावात अध्यापनात घालविली. ‘गर्भरेशीम’ला 1984 साली साहित्य अकादमी मिळाली. त्यांच्या कवितांचे इंग्रजी अनुवाद वृंदा नाबर आणि निसीम इझिकेल यांनी 1975 सालीच केले होते. ते पुस्तक मुंबईत निघाले. इझिकेलांसारखा कवी अनुवादाला मिळूनही एका पुस्तकाने भागले नाही. त्याच्यामागून दुसरे, तिसरे यावे लागते आणि परदेशी प्रकाशकाच्या टेबलापर्यंत ते नेणारा कोणीतरी असावा लागतो.

कन्नडने ही तयारी आधीपासून केलेली होती. ए. के. रामानुजन हे नाव श्रोत्यांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ते पुढे शिकागो विद्यापीठात प्राध्यापक झाले. परंतु त्यापूर्वी, 1950 नंतरच्या वर्षांत, ते आमच्या बेळगावात इंग्रजी शिकवीत होते. त्यांनी बसवण्णा, अल्लमप्रभू, अक्कमहादेवी यांची वचने इंग्रजीत नेली. ते पुस्तक 1973 साली प्रसिद्ध झाले. 1976 साली त्यांनी अनंतमूर्तींची ‘संस्कार’ कादंबरी नेली. 2013 च्या यादीत अनंतमूर्तींचे नाव आले त्याच्या मागे ही सदतीस वर्षांपूर्वीची मजुरी होती. हासनचेच राजा राव यांना 1988 साली नॉयस्टाट हे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले, पण त्यांनी लिहिले इंग्रजीतच. त्यांच्या गावची बानू मुश्ताक यांची कथा कन्नडात राहूनही जगभर गेली. याला मधल्या काळात अनुवादकांच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या.

मराठीकडेही असे लोक आहेत, ते नाहीत असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. दिलीप चित्रे यांनी तुकाराम इंग्रजीत नेला. शांता गोखले यांनी अनेक मराठी कृती नेल्या. माहीमचे जेरी पिंटो, घराणे गोव्याचे आणि लिहिण्याची भाषा इंग्रजी, यांनी दया पवारांचे ‘बलुतं’ आणि मल्लिका अमर शेख यांचे आत्मकथन इंग्रजीत केले. पिंटो यांना 2016 साली अमेरिकेतील येल विद्यापीठाचे विंडहॅम-कॅम्पबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा आमच्या समाजात अनेकांना आनंद झाला. पण त्यांनी मराठीसाठी काय केले हे फारच थोड्यांना माहीत होते. कोल्हापूरचे अरुण कोलटकर यांच्या ‘जेजुरी’ला 1977 साली राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळाले, तेही इंग्रजी संग्रहाला. त्यांच्या मराठी कवितेला तो मार्ग मोकळा झाला नाही.

रवींद्रनाथांचे उदाहरण येथे पुष्कळजण देतात. 1913 साली त्यांना नोबेल मिळाले, अनुवादक कोठे होता, असे विचारतात. अनुवादक होता आणि तो ते स्वतःच होते. 1912 साली लंडनच्या इंडिया सोसायटीने ‘गीतांजली’च्या अवघ्या साडेसातशे प्रती छापल्या होत्या, कवी येट्स यांच्या प्रस्तावनेसह. त्यातील 103 रचना निरनिराळ्या बंगाली संग्रहांतून निवडून रवींद्रनाथांनी इंग्रजी गद्यात उतरल्या होत्या. हे कवी तरुणपणी आमच्या दक्षिणेकडील कारवारला, न्यायाधीश असलेल्या थोरल्या बंधूंकडे, येऊन राहिले होते आणि ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाट्यकाव्य त्यांनी तेथेच लिहिले. पण प्रत्येक भाषेला आपलीच कविता नेणारा रवींद्रनाथ मिळत नाही. शिवाय त्यांच्या पुढच्या इंग्रजी अनुवादांनी त्यांच्या कीर्तीला पश्चिमेत उतरती कळाच लावली, असे जाणकारांचे मत आहे. लेखकाने स्वतःचा हमाल व्हावे हा काही चांगला शिरस्ता नव्हे.

आता कोणी म्हणेल, लंडनच्या पंचांनी शिक्का मारला तरच पुस्तक चांगले काय? मुळीच नव्हे. टॉलस्टॉयला नोबेल मिळाले नव्हते. इंग्रजीत न गेलेले पुस्तक या पारितोषिकाच्या दृष्टीने जन्मलेलेच नसते, हा त्या व्यवस्थेचा दोष उघड आहे. हासनला आणि बेळगावला ‘हसीना’ची कथा आधीच माहीत होती. गिरीश कासरवळ्ळींनी तिच्यावर 2004 साली चित्रपट काढला होता. आणि सन्मानाने घरचे सारे सुखी होतात असेही नाही. स्त्रियांना मशिदीत प्रवेश असावा असे म्हटल्याबद्दल 2000 साली बानू मुश्ताक यांच्यावर सामाजिक बहिष्कार पडला होता. पारितोषिकानंतर 2025 च्या म्हैसूर दसऱ्याच्या उद्‌घाटनास त्यांना बोलाविले, तेव्हा दुसऱ्या बाजूने विरोध झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन फेटाळले गेले आणि 22 सप्टेंबरला त्यांनी चामुंडी टेकडीवर उद्‌घाटन केले. दोन्हीकडच्या रागावलेल्या मंडळींपैकी किती जणांनी कथा वाचल्या होत्या, याची मला शंका आहे.

तरीही पारितोषिकाचा एक उपयोग मी नाकारणार नाही. त्याने अनुवादाकडे लोकांचे लक्ष वळविले. आम्हां ख्रिस्ती माणसांना तर अनुवादाचे मोल कोणी सांगावयास नको. आमची प्रार्थनाच अनुवादाने आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मिस्सा लोकांच्या भाषांत आला, तेव्हा आमच्या आजीला, ती सांगत असे, देव प्रथमच आपल्याशी बोलल्यासारखा वाटला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, हेही येथे आठवते.

दीपा भास्ती यांच्या अनुवादाची एक तऱ्हा सांगते. त्यांनी कन्नड, उर्दू, अरबी शब्द जागोजागी तसेच ठेवले आहेत. त्यांना तिरका ठसा दिलेला नाही, पानाखाली तळटीप दिलेली नाही. इंग्रज वाचकाने दोन पावले चालत यावे, असा त्यांचा आग्रह. सर्वांनाच हे रुचेल असे नाही. मलाही दोन-तीन ठिकाणी अडखळल्यासारखे झाले. पण कल्पना मला इतकी पटली की गेल्या शाळावर्षापासून आठवीच्या वर्गात शनिवारचा एक तास मी तिच्यासाठी राखला आहे. मुले आपल्या गावाविषयी चार वाक्ये मराठीत लिहितात, कन्नड घरची मुले कन्नडात लिहितात, मग वह्या बदलतात आणि शेवटी दोघे मिळून ती इंग्रजीत नेतात.

परवाचा उतारा राणी चन्नम्मेचा होता. 1824 साली इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या या राणीचे माहेर आमची काकती. मराठीत वाक्य सोपे होते. कन्नडात तर त्याहून सोपे, कारण ‘तवरुमने’ हा नेमका शब्द तेथे तयार आहे. त्यावर मुलगी भांडून येते, रुसून येते, बाळंतपणाला येते, सगळे त्यात आहे. इंग्रजीपाशी मात्र वर्ग अडला. एकाने ‘मदर्स हाऊस’ लिहिले, दुसऱ्याने ‘फादर्स हाऊस’, आणि दोघांत वादावादी झाली की घर कोणाचे. एका मुलीने दोन्ही खोडून ‘माहेर’ हाच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला आणि पुढचे वाक्य सुरू केले. तिला मी अजून गुण दिलेले नाहीत. तिने तो शब्द तसाच का ठेवला, हे येत्या शनिवारी तिला फळ्यापुढे उभे राहून वर्गाला सांगावयाचे आहे.